लाइन क्लिअर

आमच्या बदलापूरला आगगाडी आली ती १८५६ साली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असतं. (मीच किती वर्षं पाठ करून घेतलं!) त्यापुढचं मात्र परीक्षेत कुणी विचारत नाही, म्हणून कुणाला ठाऊकही नसतं. १ मे १८५४ ला गाडी कल्याणला पोचली, आणि १२ मे १८५६ ला कल्याणहून पळसदरीवरून थेट खोपोलीपर्यंत. बोरघाट चढून जायला तिला आणखी सात वर्षं लागली. बेलवली या रुळांच्या कडेलाच आहे. रात्री जाग आली की मालगाडी किती लांबीची आहे ते आम्ही डबे न बघता नुसत्या आवाजावरून सांगू शकतो.

आजचा विषय मात्र रेल्वेचा जन्म हा नाही. एकाच रुळावरून एकामागून एक दोन गाड्या कशा सोडायच्या, हा आहे. वाटतो तेवढा हा प्रश्न साधा नाही. आणि गंमत अशी की कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणारी आजची मुलं ज्या प्रश्नावर तास न् तास वाद घालतात, तो अगदी हाच.

माझी भाची ऐरोलीला एका लहानशा कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. औषधं आणि लसी ठेवायच्या थंड खोल्या असतात ना, त्यांच्या तापमानावर लक्ष ठेवणारी यंत्रणा तिच्या गटाला बनवायची होती. दोन मार्ग होते. पहिला म्हणजे प्रोग्रॅमने ओळीने एकेका खोलीशी जायचं, तापमान विचारायचं, लिहून ठेवायचं, पुढच्या खोलीशी जायचं. शेवटची खोली झाली की पुन्हा पहिली. याला ती मंडळी 'सिक्वेन्शियल' म्हणतात, म्हणजे क्रमवार. दुसरा मार्ग म्हणजे प्रोग्रॅमने स्वस्थ बसायचं, आणि ज्या खोलीत काही बदल होईल तिने हाक मारायची. हाक आली की उठायचं, काम करायचं, पुन्हा बसायचं. हा 'इव्हेंट-ड्रिव्हन', घटना घडली की चालणारा.

मराठी घेऊन बी. ए. झालेल्या बाईला यातलं काय कळणार, असं तिला वाटलं असावं, पण मला ते लगेच कळलं. शाळेचं वेळापत्रक म्हणजे सिक्वेन्शियल. पहिला तास मराठीचा, दुसरा गणिताचा, घंटा झाली की बदल. वर्गात कुणाचं लक्ष असो वा नसो. आणि बालवाडीच्या बाईंचा दिवस म्हणजे इव्हेंट-ड्रिव्हन. जो रडेल त्याच्याकडे आधी जायचं! गटातली तरुण मंडळी दुसऱ्या मार्गाच्या बाजूची होती, कारण तो नवा, चपळ. भाचीला त्यात काहीतरी खुपत होतं, पण काय ते सांगता येत नव्हतं. मी तिला म्हटलं, "अगं, हे भांडण दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेलंय. आणि त्यात माणसं मेली आहेत." ती हसली. मग मी तिला जे सांगितलं, तेच थोडं नीटनेटकं करून इथे लिहिते आहे.

रेल्वेच्या सुरुवातीला इंग्लंडात गाड्या सोडायच्या त्या घड्याळाच्या हिशेबाने. एक गाडी गेली की अमुक मिनिटं थांबायचं आणि दुसरी सोडायची. पहिली गाडी पुढे पोचली का, वाटेत अडकली का, तिचा एखादा डबा मागे राहिला का, हे सोडणाऱ्याला कळायचा मार्गच नव्हता. त्याने फक्त असं धरून चालायचं की एवढ्या मिनिटांत ती पुरेशी लांब गेली असेल. 'असेल' या शब्दावर सगळी माणसं गाडीत बसायची.

या पद्धतीला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे सगळ्यांचं घड्याळ एक असणं. आपल्याकडे तर तीही अडचण होती. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या चार तास एकावन्न मिनिटं पुढे, मद्रासची पाच तास एकवीस. रेल्वे मद्रास वेळेवर चालायची आणि मुंबईकर आपल्या वेळेवर, म्हणजे शहरात आणि स्टेशनात अर्ध्या तासाचा फरक! १ जानेवारी १९०६ पासून आजची भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईने आपली 'मुंबई वेळ' काही सोडली नाही. महापालिकेत ती १९५५ पर्यंत तग धरून होती. लहानपणी घरातली वडीलधारी माणसं "कुठल्या टायमाने?" असं विचारायची, त्याचा अर्थ मला पुढे कधीतरी लागला.

असो. तर घड्याळाची पद्धत पुरी पडत नाही हे कळल्यावर धोक्याच्या जागी, उदाहरणार्थ बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी, माणसं बसवली आणि त्यांच्यात तारयंत्र दिलं. म्हणजे घड्याळाच्या जोडीला निरोप आला. आता सगळं ठीक व्हायला हवं होतं. नाही झालं. २५ ऑगस्ट १८६१, रविवार. ब्रायटनजवळच्या क्लेटन बोगद्यात त्या दिवशी जे घडलं ते मी भाचीला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा ऐकताना ते हातातून निसटतं.

ब्रायटन स्टेशनातून त्या सकाळी लंडनकडे तीन गाड्या निघाल्या. नियमाने दोन गाड्यांत पाच मिनिटं हवीत. प्रत्यक्षात सात मिनिटांत तिन्ही सुटल्या. बोगद्याच्या दक्षिण तोंडाशी किलिक नावाचा सिग्नलवाला, उत्तर तोंडाशी ब्राउन. पहिली गाडी बोगद्यात शिरली. ती शिरताच सिग्नल आपोआप धोक्यावर जायला हवा होता. तो गेला नाही, म्हणून इशाऱ्याची घंटा वाजली. किलिकने ब्राउनला तारेने कळवलं, 'गाडी बोगद्यात.' तो सिग्नलकडे वळतो तोवर दुसरी गाडी उघड्या सिग्नलवरून आत चाललेली! त्याने धावत लाल बावटा दाखवला. ड्रायव्हरला तो दिसला की नाही, हे किलिकला समजलं नाही. त्याने पुन्हा कळवलं, 'गाडी बोगद्यात.' आणि मग विचारलं, बोगदा मोकळा झाला का?

पलीकडे ब्राउनने नुकतीच एक गाडी बाहेर पडताना पाहिली होती. त्याने उत्तर दिलं, 'मोकळा.'

ते उत्तर पहिल्या गाडीचं होतं. किलिकने ते दुसऱ्या गाडीचं धरलं, आणि तिसरीला पांढरा बावटा दाखवला. इकडे दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला लाल बावटा दिसला होता. तो शहाणा माणूस आत थांबला होता आणि काय झालं ते विचारायला गाडी हळूहळू मागे घेत होता. काळोखात तिसरी गाडी तिच्यावर आदळली. तेवीस माणसं गेली, पावणेदोनशेच्या वर जखमी झाली.

यात खोटं कोण बोललं? कुणीच नाही. प्रत्येकाने आपल्यासमोर जी घटना घडली तिच्यावर बरोबर काम केलं. निरोप खरा होता, वेळेवर पोचला होता. फक्त तो कोणत्या गाडीबद्दल आहे, हे त्या निरोपात नव्हतं. भाची एवढं ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, "मावशी, आमच्याकडे अस्सं होतं. उत्तर येतं, पण कुठल्या प्रश्नाचं ते कळत नाही." (किलिक त्या दिवशी चोवीस तासांच्या पाळीवर होता, हेही लक्षात ठेवायला हवं. यंत्रणेचा इतिहास लिहिताना माणसाच्या झोपेचा रकाना बहुतेक वेळा कोराच राहतो.)

क्लेटननंतरही बऱ्याच रेल्वे कंपन्या घड्याळावरच चालत राहिल्या. निरोपाची व्यवस्था म्हणजे तारा, यंत्रं, पगारी माणसं. घड्याळ स्वस्त पडतं. १२ जून १८८९ ला आयर्लंडात आर्माजवळ रविवारच्या शाळेतल्या मुलांच्या सहलीची गाडी चढावर अडकली. ती दोन तुकड्यांत सोडवताना मागचे डबे उतारावरून सुटले आणि घड्याळाच्या हिशेबाने मागून सोडलेल्या गाडीवर जाऊन आदळले. ऐंशीच्या आसपास माणसं गेली, त्यात मुलं कितीतरी. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा केला की प्रवासी गाड्या 'ब्लॉक' पद्धतीनेच चालवायच्या. म्हणजे रुळांचे तुकडे पाडायचे, आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. पहिली बाहेर पडली हे पुढच्याने कळवल्याशिवाय दुसरी आत सोडायची नाही, मग घड्याळात काहीही वाजलेलं असो.

ही ब्लॉकची पद्धत मी लहानपणी डोळ्यांनी पाहिली आहे. आमचे अण्णा मध्य रेल्वेत असिस्टंट स्टेशन मास्तर होते, याच मार्गावरच्या एका छोट्या स्टेशनात. डबा घेऊन मी जायची. टेबलाशेजारी ब्लॉक इन्स्ट्रुमेंट असायचं, लाकडी पेटीसारखं, त्यावर काटा आणि खाली फिरवायची मूठ. काट्याच्या तीनच जागा : 'लाइन क्लोज्ड', 'लाइन क्लिअर' आणि 'ट्रेन ऑन लाइन'. बोलणं सगळं घंटेच्या ठोक्यांत. एक ठोका म्हणजे 'लक्ष द्या'. दोन म्हणजे 'लाइन क्लिअर आहे का?' तीन म्हणजे गाडी तुमच्या दिशेने निघाली. चार म्हणजे पोचली, मार्ग मोकळा. सहा ठोके वाजू नयेत अशी सगळ्यांची प्रार्थना, कारण ते धोक्याचे. आणि प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याने तेवढेच ठोके परत वाजवून दाखवायचे. नुसतं ऐकलं, असं चालत नाही. काय ऐकलं ते दाखवावं लागतं.

लाइन क्लिअर मिळाल्याखेरीज गाडी बाहेर सोडणारा सिग्नल पडायचाच नाही. अण्णांना वाटलं, साहेबांना वाटलं, तरी नाही. दांडाच अडकलेला. मला तेव्हा वाटायचं की ते यंत्र अण्णांचं ऐकत नाही, आणि त्याचा राग यायचा.

यातली एक गोष्ट मला आजही फार आवडते. गाडी पोचली असं केव्हा म्हणायचं? इंजिन आलं म्हणजे नव्हे. शेवटचा डबा दिसला पाहिजे. म्हणून तर शेवटच्या डब्यावर ती मोठी पिवळी फुली असते, शिवाय 'एलव्ही' अशी पाटी आणि रात्री लाल दिवा. एलव्ही म्हणजे लास्ट व्हेइकल, शेवटचं वाहन. गाडी वाटेत तुटून निम्मे डबे मागे राहिले, तर शेवटची खूण स्टेशनावर येणार नाही, चार ठोके जाणार नाहीत आणि मागची गाडी सुटणार नाही. आर्माच्या मुलांना हे मिळालं नव्हतं. फलाटावर उभ्या लोकांना वाटतं, स्टेशन मास्तर गेलेल्या गाडीकडे उगाच बघत उभे आहेत!

आता दुसरा प्रश्न. हाक मारणाराच मुका झाला तर? तार तुटली, बॅटरी संपली, सिग्नलवाला चक्कर येऊन पडला, तर? काहीच ऐकू येत नाही म्हणजे सगळं आलबेल, असं समजायचं का? याचं उत्तर १८७२ साली अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने दिलं. त्याने रुळांतूनच बारीकसा वीजप्रवाह सोडला. तो वाहत असेल तोवर सिग्नल मोकळा. गाडीची चाकं रुळांवर आली की प्रवाह चाकांतून परस्पर फिरतो, पलीकडच्या यंत्राला मिळत नाही, सिग्नल लाल होतो. पण खरं मर्म पुढे आहे. रूळ तुटला तरी प्रवाह थांबतो, तार तुटली तरी थांबतो, बॅटरी संपली तरी थांबतो, आणि प्रत्येक वेळी सिग्नल लालच होतो. निरोप येत राहणं म्हणजे ठीक. न येणं म्हणजे धोका. असे आपोआप बदलणारे रंगीत दिव्यांचे सिग्नल भारतात पहिल्यांदा १९२८ साली लागले, ते आपल्याच जीआयपी रेल्वेवर, व्हीटी ते भायखळा. लोकल मध्येच थांबली की आपण सिग्नलला शिव्या देतो. दहातल्या कितीतरी वेळा तो बिचारा 'मला नक्की माहीत नाही, म्हणून थांबा' एवढंच सांगत असतो.

भाचीला जे खुपत होतं ते इथे सापडलं. थंड खोलीने हाक मारायची असं ठरवलं, आणि खोलीतलं तापमान मोजणारं यंत्रच बंद पडलं, तर हाक येणार नाही. पडद्यावर सगळं हिरवं दिसेल, आत लसी खराब होत असतील. ओळीने विचारत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला निदान 'सातव्या खोलीने उत्तर दिलं नाही' हे कळतं. म्हणून तिच्या गटाने शेवटी मार्ग काढला तो असा : बदल झाला की हाक तर मारायचीच, पण काही झालं नाही तरी ठरावीक वेळाने प्रत्येक यंत्राने 'मी आहे' असं म्हणायचं. ते म्हणणं चुकलं की लाल. रॉबिन्सनचे रूळच की हे!

पण कॉम्प्युटरवाल्यांनी हे सगळं रेल्वेकडून सुखासुखी उचललं असं मात्र नाही. त्यांनाही आपापल्या वाटेने ठेचकाळत यावं लागलं.

पहिले कॉम्प्युटर सगळे क्रमवार. आपल्याकडचा टिफ्रॅक घ्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच लोकांनी बांधलेला, १९६० साली चालू झालेला, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी ज्याला ते नाव दिलं तो. त्याची स्मरणशक्ती २०४८ शब्दांची! एक आज्ञा, मग दुसरी, मग तिसरी. एकाचं काम संपलं की दुसऱ्याचं लावायचं. गणितं करण्यापुरतं हे उत्तम. अडचण आली ती यंत्राला बाहेरच्या जगाशी बोलायची वेळ आली तेव्हा, कारण बाहेरचं जग ओळीत उभं राहत नाही. टंकयंत्र एक अक्षर छापतं तेवढ्यात कॉम्प्युटरच्या हजारो आज्ञा होऊन जातात. तेवढा वेळ त्याने काय तोंड बघत बसायचं? म्हणून १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'इंटरप्ट'ची कल्पना आली. छापणाऱ्याने 'झालं' म्हणून हाक मारायची, तोवर कॉम्प्युटरने दुसरं काम करायचं आणि हाक आली की ते मध्येच सोडून इकडे बघायचं.

हॉलंडमध्ये एडस्गर डायक्स्ट्रा नावाचे गणिती ॲमस्टरडॅमच्या एका नव्या कॉम्प्युटरसाठी प्रोग्रॅम लिहीत होते. यंत्र बांधणाऱ्या सहकाऱ्यांनी ही इंटरप्टची कल्पना मांडली तेव्हा ते घाबरले, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. क्रमवार प्रोग्रॅम चुकला तर तोच पुन्हा चालवावा. चूक त्याच जागी पुन्हा भेटते. पण हाक कोणत्या क्षणी येईल ते ठरलेलं नसलं, तर आज चुकलेलं उद्या बरोबर चालेल आणि परवा पुन्हा चुकेल. शोधायचं कसं? त्यांनी काही महिने तो निर्णय लांबवला. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. इतिहासाच्या अभ्यासकाची भीती हीच तर असते, की घटना एकदाच घडते, पुन्हा चालवून बघता येत नाही.

पुढे त्यांनी या घोळातून वाट काढली, आणि तिला नाव दिलं 'सेमाफोर'. हा शब्द त्यांनी रेल्वेकडून घेतला! सेमाफोर म्हणजे तो उंच खांबावरचा हात वरखाली होणारा सिग्नल. आपल्याकडे लोक 'हात पडला' म्हणायचे तो. दोन कामांना एकच वस्तू हवी असेल तर वाटेत सेमाफोर. एकाने आत जाताना तो पाडायचा, बाहेर पडताना उठवायचा, तोवर दुसऱ्याने थांबायचं. ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी, हेच ते. १९६५ साली लिहिलेल्या त्यांच्या निबंधाचं नावच मराठीत सांगायचं तर 'सहकार्य करणाऱ्या क्रमवार प्रक्रिया' असं होईल. क्रमवारपणा त्यांनी टाकून दिला नाही. प्रत्येक गाडी आपल्या रुळावर क्रमाने जाणार; गाठभेट होईल तिथे मात्र सिग्नल.

अवकाशवाल्यांनाही हीच निवड करावी लागली. चंद्रावर जाणाऱ्या अपोलोच्या कॉम्प्युटरसाठी प्रत्येक कामाला ठरावीक वेळ वाटून द्यायची, की ज्याची निकड जास्त त्याला आधी? एमआयटीतले हॅल लॅनिंग यांनी दुसरा मार्ग निवडला. २० जुलै १९६९ ला चंद्रावर उतरताना, गरज नसलेल्या एका रडारने कॉम्प्युटरचा वेळ खायला सुरुवात केली आणि १२०२, १२०१ अशा धोक्याच्या सूचना येऊ लागल्या. पण यंत्राने कमी महत्त्वाची कामं टाकून दिली, उतरण्याचं काम धरून ठेवलं, आणि माणसं उतरली. वेळापत्रकावर बांधलेलं यंत्र असतं तर एक काम लांबलं की मागची सगळी लांबली असती. म्हणजे घटनावाल्यांचा विजय.

थांबा. बारा वर्षांनी स्पेस शटलची पाळी आली. त्यात चार कॉम्प्युटर एका पद्धतीने चालणारे, निकडीप्रमाणे काम निवडणारे, आणि पाचवा राखीव. तो वेगळ्या कंपनीने लिहिलेला, काटेकोर वेळापत्रकावर चालणारा. एकाच्या चुकीची लागण दुसऱ्याला होऊ नये म्हणून मुद्दाम वेगळा. १० एप्रिल १९८१ ला उड्डाणाला सुमारे वीस मिनिटं राहिली असताना पाचवा म्हणाला, मला या चौघांचा ताळ जुळत नाही. उड्डाण थांबवलं. शोधल्यावर कळलं की सुरुवातीला घड्याळ लावतानाच एक बारीक फरक पडू शकत होता. पडायची शक्यता सदुसष्टात एक. म्हणून वर्षानुवर्षांच्या तालमींत तो सापडला नव्हता. डायक्स्ट्रांना वाटणारी भीती ती हीच. दोन दिवसांनी, १२ एप्रिलला, शटल उडालं. मला यात घटनावाल्यांचा पराभवही दिसत नाही. वेगवेगळ्या वेळेवर चालणारी दोन माणसं एका स्टेशनात बसवली की ठोक्यांची पोच आधी ठरवावी लागते, एवढंच दिसतं. मुंबई वेळ आणि मद्रास वेळ!

नंतरचं मी भराभर सांगते, कारण ते आजच्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. १९९१ साली व्हिज्युअल बेसिक आलं, आणि बटण दाबलं की काम ही रीत घराघरातल्या प्रोग्रॅमरला मिळाली. २००९ साली नोड नावाची चीज आली. एका ग्राहकामागे एक वेटर उभा करायचा, की एकाच चपळ वेटरने सगळी टेबलं सांभाळायची? नोडने दुसरं निवडलं. उडप्याकडे हे आपण रोज बघतो. एकच पोरगा सहा टेबलांची ऑर्डर घेतो, तो कुणाच्याही डोशापाशी उभा राहत नाही; डोसा झाला की आतून हाक येते. पण एखाद्या आजोबांनी त्याला धरून गावाकडची गोष्ट सांगायला घेतली की सहाही टेबलं उपाशी. इथेही ते असंच होतं म्हणे.

माझं मत विचाराल तर नवं म्हणून घटनांच्या मागे धावण्यात अर्थ नाही आणि सोपं म्हणून ओळ धरून बसण्यातही नाही. बोरघाट उतरताना बघा. १ ला ३७ चा उतार. गाडीला ठरावीक जागी थांबावंच लागतं, मग वाट मोकळी असो, उशीर झालेला असो. रूळ एरवी 'कॅच सायडिंग'कडे, म्हणजे चढावर नेऊन सोडणाऱ्या फाट्याकडे वळवलेले असतात. गाडी थांबली, ब्रेक लागतात हे दिसलं, की मगच रूळ मुख्य मार्गाकडे फिरतात. मुक्कामांचा क्रम पक्का, पण प्रत्येक मुक्कामावर पुढचं पाऊल घटना घडल्यावरच. आणि ब्रेक गेलेली गाडी थांबलीच नाही तर तिच्यासाठी वाट आधीच ठरलेली. हे ज्याने ठरवलं त्याला यातलं एकही इंग्रजी नाव ठाऊक नव्हतं.

भाचीचा शेवटचा प्रश्न मला आवडला. "मावशी, पण हाकेवर चालणाऱ्या यंत्रात गडबड झाली, तर आधी काय झालं आणि नंतर काय, हे कळायचं कसं?" १९७८ साली लेस्ली लॅम्पोर्ट यांनी यावरच एक निबंध लिहिला, तो ती मंडळी अजून वाचतात म्हणे. त्यातली युक्ती मला समजली ती अशी. घड्याळांवर विसंबू नका. प्रत्येकाने आपल्या कामांना आकडे देत जावं, निरोपाबरोबर आपला आकडा पाठवावा, आणि मिळालेल्या आकड्यापेक्षा मोठा आकडा आपल्या पुढच्या कामाला द्यावा. निरोप धाडणं हे मिळण्याच्या आधीचं, एवढं तरी मग कुठल्याही घड्याळाशिवाय पक्कं राहतं. किलिक आणि ब्राउन यांच्या तारेत असा साधा एक आकडा असता, तर 'मोकळा' हे उत्तर कितव्या निरोपाचं आहे ते दिसलं असतं.

मी तिला अण्णांच्या रजिस्टरबद्दल सांगितलं. ट्रेन सिग्नल रजिस्टर. टेबलावर कायम उघडं. लाइन क्लिअर कधी मागितली, कधी मिळाली, गाडी कधी निघाली, कधी पोचली, प्रत्येक घटनेला तिची वेळ, घडल्याबरोबर लिहायची. मागाहून आठवून नाही. खोडाखोड करायची नाही. चुकलं तर एक रेघ ओढायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि शेजारी सही. पाळी बदलताना येणाऱ्याने आणि जाणाऱ्याने दोघांनी सही करायची. रात्रपाळीला एकाही गाडीचा खोळंबा झाला नाही तरी पानं भरलेली असायची. अण्णांचं अक्षर त्यात इतकं सुरेख असायचं की घरच्या पत्रांत ते तसं कधी पाहिलं नाही.